सरळ गेलं तर तीन दिवस

ता. ४, सोमवार
चौथा मुक्काम, कापसाच्या गोदामामागची भाड्याची खोली

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघे सोडून. तुम्ही तिघं बरे असाल असं धरून चालतो.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते आधी उलटसुलट करून पाहिलं असशील. तू गाव सोडल्यापासूनच्या सात वर्षांत मी तुला लिहिलेली पत्रं एका हाताच्या बोटांवर मोजली तरी अंगठा उरेल, आणि तीही दोन-दोन ओळींची. हे लांब होणार आहे. चहा घेऊन बस.

तुझ्या नव्या दुकानाच्या दिवशी मी येतोय. शुक्रवार, ता. २२, सकाळी दहा. फक्त बसनं न येता सायकलनं येतोय, नऊशे किलोमीटर. तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "पन्नाशीला पुरुषांच्या डोक्यात काहीतरी शिरतं म्हणतात. तुमच्या डोक्यात घंटी आणि कॅरिअरसकट शिरलंय." मग तिनंच पिशवीत मलमाच्या दोन डब्या टाकल्या. एक गुडघ्यांसाठी, दुसरी कुठे लावायची ते ज्यानं चार दिवस सायकलच्या सीटवर काढलेत त्याला विचारावं लागत नाही.

बेत पक्का आहे. शंभर पानी वही केली आहे. पंधरा दिवस, पंधरा मुक्काम, दिवसाला साठ किलोमीटर. पहाटे साडेपाचला प्रार्थना, सहाला निघणे, साडेनऊला नाश्ता, एक ते दोन विश्रांती, दोन ते दोन-दहा विश्रांतीतून उठणे. हसू नकोस. सव्वीस वर्षं ज्यानं अख्ख्या गावाचे नळ घड्याळावर सोडले, त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची? पंपघरातून चार लाइनी निघतात: टेकडी, बाजार, वसाहत आणि जुन्या गिरणीकडची. प्रत्येकीची पाळी ठरलेली. खड्ड्यात लांब चावी घालायची, बेचाळीस फेरे डावीकडे, की लाइन उघडली. बेचाळीस उजवीकडे, की बंद. बाया नळाखाली बादली लावून घड्याळ जुळवायच्या. माझ्या आयुष्यातली एवढीच बढाई.

पहिल्या दिवशी मी ठरल्यापेक्षा वीस मिनिटं आधी पोचलो, आणि ती वीस मिनिटं गावाबाहेर पुलाच्या कठड्यावर बसून काढली. वहीत संध्याकाळचे सहा लिहिलेले असताना पाच-चाळीसला आत कसं शिरायचं?

या हिशेबानं मी १५ तारखेला तुझ्या दारात. म्हणजे आठवडाभर आधी. रंगकाम बाकी असेल तर ब्रश काढून ठेव. डाव्या हातानं रंधा आणि पॉलिशचा बोळा चालवायला शिकलास असं पुतणीनं फोनवर सांगितलं. ती तुझ्या वहिनीशी बोलत होती, मी शेजारीच बसलो होतो.

दुकानाचं शटर मीच उघडायचं, मी आल्याशिवाय तू उघडणार नाहीस, असं तू लिहिलंयस. त्याबद्दल समोरासमोर बोलू.

इथे रात्रीचं जेवण लवकर असतं. थांबतो.

तुझा,
दादा


ता. ११, सोमवार
मुक्काम कितवा ते विचारू नकोस

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तब्येत ठीक. दुसरी डबी संपली.

वहीप्रमाणे मी आज अकराव्या पानावर असायला हवा होतो. कुठल्या पानावर आहे ते वहीलाही सांगता येणार नाही. झालं असं, की सहाव्या दिवशी नदीवरचा बुटका पूल पाण्याखाली होता. वर कुठेतरी धरणाचं पाणी सोडलं होतं. गाड्या मागे वळत होत्या. मी मात्र सायकल स्टँडवर लावून उभा राहिलो. अर्धा तास, एक तास, तीन तास. तेवढ्यात एक बाई सायकलवरून आल्या. साठीच्या, केस पुरुषी कापलेले, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या.

"किती वेळ उभे आहात?" त्यांनी विचारलं.

"तीन तास."

"कशासाठी?"

"पाणी उतरायची वाट बघतोय. माझ्या वहीत हाच रस्ता आहे."

त्यांनी वहीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आधी वहीला उतरवा पाण्यात. तिला पोहता येत असेल तर तुम्ही मागून जा."

निवृत्त शिक्षिका आहेत, भूगोलाच्या. पस्तीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवली, आता म्हणतात, छडी फिरवली तिथे चाक फिरवून बघते. समुद्रापर्यंत चालल्यात. मी त्यांना बाई म्हणतो. त्या मला "व्हॉल्व्हसाहेब" म्हणतात, आणि त्यात साहेब किती आणि चिमटा किती हे अजून कळलेलं नाही.

आम्ही कालव्याच्या रस्त्यानं वळलो, आणि खरं सांगतो, तो दिवस फार चांगला गेला. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे पाणी, आणि वाऱ्याची पाठीला थाप. बाईंचे लांबच्या प्रवासाचे काही हिशेब आहेत. बेत पेन्सिलीनं लिहायचा आणि दुपारपर्यंतचाच. पाच दिवसांतला एक दिवस कोरा सोडायचा. तो आपोआप भरतो. भूक लागायच्या आधी खायचं. समोरून वारा असेल त्या दिवशी किलोमीटर मोजायचे नाहीत, नुसते तास मोजायचे. रस्ता दोन माणसांना विचारायचा, आणि दोघांनी वेगळा सांगितला तर तिसऱ्याकडे चहा प्यायचा.

माझं मागचं चाक कुरकुरायला लागलं तेव्हा हे कामाला आलं. एका लहानशा वस्तीत दुरुस्तीवाल्यानं चाक उघडलं आणि म्हणाला, "छर्रे गेलेत. नवे उद्या येतील. उद्या नाहीतर परवा." आठवड्यापूर्वी हे ऐकून मला ताप आला असता. मी त्याच्या शेजारच्या शाळेत गेलो, तिथला नळ ठिबकत होता, मुख्याध्यापकांना विचारून तो उघडला आणि जुन्या ट्यूबचा नाण्याएवढा तुकडा कापून आत वायसर म्हणून घातला. मुलं ओळीनं येऊन नळ उघडून-बंद करून बघत होती. संध्याकाळी मी ओसरीत बसून डोळे मिटले तेव्हा वाटलं, पाण्याला पाळी माणसानं लावली आहे, देवानं नाही. त्याच्याकडून ते कुठल्याही वेळी येतं. सव्वीस वर्षं हातात चावी धरून हे माझ्या ध्यानात यायला छर्रे जावे लागले.

तर सांगायचं म्हणजे मी १५ ला पोचत नाही. रंगकाम तू उरकून घे. वाटेत डावीकडे एक फाटा होता, तिथून तुझ्या शहराचा थेट रस्ता निघतो, पण त्यावर चढ फार आहेत म्हणाले. म्हणून मी कालव्यानंच पुढे आलो. आणखी एक फाटा काल होता. तिथे खडी टाकलेली होती. बेत लवचीक असला की जीवाला त्रास नाही, आपण देवाच्या मनाप्रमाणे चाललोय असं वाटतं.

तू मला फोन करतोस आणि तो लागत नाही, हे दुरुस्तीवाल्याच्या फोनवरून बोललो तेव्हा तुझी वहिनी म्हणाली. मी माझा पिशवीच्या तळाशी बंद करून ठेवला आहे. बॅटरी वाचते.

मागच्या वर्षीच्या पत्रात तू एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी पाठवलं नाही. प्रश्न विसरलो असं समजू नकोस.

पुतणीला आशीर्वाद. तिच्या आईला सांग, मी आलो की जेवण कमी लागेल असं समजू नये. सायकलनं भूक दुप्पट झाली आहे.

तुझा,
दादा


ता. १५, शुक्रवार, दुपार
चौफुलीवरच्या खानावळीची माडी

प्रिय धाकट्या,

आज मी तुझ्या दारात असायला हवा होतो. त्याऐवजी तुझ्या शहरापासून दोनशे किलोमीटरवर बसून हे लिहितोय. तब्येतीचं वगैरे पुढे कधीतरी. हे पत्र एकटा असताना वाच.

सकाळी इथेच खाली नाश्त्याला बसलो होतो. बाईंनी त्यांचा नकाशा टेबलावर पसरला, बशी बाजूला केली आणि पेन्सिलीनं आमचा आतापर्यंतचा रस्ता काढला. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तुमच्या भावाचं शहर दाखवा."

मी दाखवलं.

"आता मी काढलेली रेघ बघा. आठ दिवस आपण या ठिपक्याला प्रदक्षिणा घालतोय. पहिला फाटा सोडलात, चढ होता म्हणून. दुसरा, खडी होती म्हणून. परवाचा?"

"परवा वारा समोरून होता."

"परवा वारा नव्हता, व्हॉल्व्हसाहेब. माझी टोपीसुद्धा हलली नाही."

मी म्हटलं, "बाई, बेत लवचीक ठेवायचं तुम्हीच शिकवलंत."

"वळायला शिकवलं मी. तुम्ही दडी मारताय. पस्तीस वर्षं मी वर्गात काढली आहेत. परीक्षेच्या दिवशी ज्याच्या पोटात दुखतं त्याचा चेहरा मला शेवटच्या बाकावरूनही दिसतो." मग नकाशाची घडी घालता घालता म्हणाल्या, "इथून डावीकडे सरळ गेलं तर तीन दिवस. मी आता उजवीकडे, समुद्राकडे. तुमचं काय आहे ते मला सांगू नका. ज्याला सांगायचंय त्याला सांगा." आणि गेल्या. चहाही अर्धा ठेवला.

मी माडीवर आलो आणि पिशवीच्या तळाचा फोन काढला. आधी तुझ्या वहिनीला सांगितलं. तिलाही हे माहीत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठ वर्षं माझ्यासमोर जेवलात, आणि हे पोटात ठेवून जेवलात?" तिनं नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग विचारलं, "चाकात हवा आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग तिकडेच जा. इकडे परत यायचं नाही न सांगता."

तुला फोन करू शकलो असतो. पण तू मधेच "जाऊ दे रे दादा" म्हणशील, आणि मी जाऊ देईन. कागदावर तुला मला अडवता येत नाही.

तर ऐक.

तुझ्या जुन्या दुकानाला आग लागली त्या दिवशी टाकी रिकामी नव्हती. निम्म्याहून जास्त भरलेली होती.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. टेकडीची पाळी चालू होती, तीनपर्यंत. पंपघरातला फोन वाजला. आगीच्या बंबावरचा माणूस होता. "बंबातलं पाणी संपत आलंय. गिरणीकडची लाइन सोडा, लगेच."

मी म्हटलं, "आत्ता टेकडीची पाळी आहे. पाळी मोडायची तर साहेबांची चिठ्ठी लागते, नाहीतर साहेबांचा फोन."

तो ओरडला, "अहो, इथे आग लागलीय!"

मी म्हटलं, "मला मान्य आहे. पण नियम आहे."

हे शब्द माझेच आहेत, एकही बदललेला नाही. आठ वर्षं रोज ऐकतोय. मी ते शांतपणे म्हणालो. मला त्या वेळी स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं असेल, की बघा, गोंधळातही हा माणूस घसरत नाही.

इंजिनिअरसाहेब बैठकीत होते. त्यांचा फोन यायला अकरा मिनिटं लागली. मी चावी खड्ड्यात घालून, तिच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. तयार होतो. नुसता उभा होतो. फोन आला आणि मी बेचाळीस फेरे जितक्या जोरात फिरवता येतात तितक्या जोरात फिरवले. तळहात सोलले. त्या सोललेल्या हातांचं मला पुढे बरेच दिवस समाधान होतं, हेही लिहून टाकतो.

कुणाचं दुकान ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी कळलं. पुढे त्या बंबवाल्यानं बाजारात मला सांगितलं, की पाइपातलं पाणी थांबलं तेव्हा दुकानाचा मालक दुसऱ्यांदा आत घुसला, गिऱ्हाइकांच्या विणायला आलेल्या खुर्च्या काढायला. पहिल्यांदा गेलास तेव्हा तुला काही झालं नव्हतं. हात भाजला तो दुसऱ्या वेळी, त्या अकरा मिनिटांत. म्हणजे तुझ्या उजव्या हाताची जी दोन बोटं वळत नाहीत, ती आगीनं नेली असं तू समजतोस. त्यात मी आहे.

दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. तू मला पाहून आधी म्हणालास, "दादा, जेवलास का?" आणि मग, "पाणी का रे थांबलं मधेच?"

तो एक क्षण होता. तुझ्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "टाकी रिकामी होती."

"मग तू तरी काय करणार," तू म्हणालास, आणि डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलंस. माझी समजूत घातलीस.

नंतर तू ते सगळीकडे सांगत राहिलास. माझा भाऊच व्हॉल्व्हवर होता, टाकीतच पाणी नव्हतं, नाहीतर त्यानं जीव पणाला लावला असता. शेजाऱ्यांना, तुझ्या सासऱ्यांना, बाजारात. मी शेजारी उभा असायचो. त्यानंतर मला तुझ्या घरी येणं जमेना. तू बोलवायचास, मी पाळी आहे म्हणायचो. कामावरची पाळी एवढी उपयोगी मला कधी पडली नव्हती. तू गाव सोडून निघालास त्या सकाळीही मी वसाहतीची लाइन सोडत होतो. ती अर्धा तास उशिरा सोडली असती तर कुणी मेलं नसतं.

मागच्या वर्षी तू विचारलंस, "दादा, माझं काय चुकलं?" हे त्याचं उत्तर. तुझं काहीच चुकलेलं नाही. चूक माझी, आणि तोंड मी तुझ्यापासून लपवलं. तू सात वर्षं स्वतःच्यात खोट शोधत बसलास, हे आगीपेक्षा मोठं आहे असं मला आता वाटतं.

आणखी एक लिहायचं आहे, ते सर्वांत कठीण. तुझं दुकान आहे असं त्या बंबवाल्यानं सांगितलं असतं, तर मी चिठ्ठी मागितली नसती. धावत जाऊन लाइन उघडली असती. म्हणजे दुसऱ्या कुणाचं असतं तर मी ते नियमाप्रमाणे जळू दिलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो. प्रार्थनेला बसलो की मी इथेच अडकतो. देवापुढे तुझ्या नावानं माफी मागता येते. पण ज्याचं नाव मला माहीत नाही, त्याच्या आगीपुढेही मी तसाच उभा राहिलो असतो, त्याची माफी कुणाकडे मागायची?

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "नियमाप्रमाणे वागलात." त्या नियमात आजही बदल झालेला नाही. म्हणून या पत्राबरोबर मी दुसरं पत्र पाणी कार्यालयाला टाकतोय. आगीचा फोन आला की लाइन आधी उघडायची, चिठ्ठी मागाहून, असा नियम करा, असं लिहिलंय. का, तेही लिहिलंय: तारीख, वेळ, अकरा मिनिटं, माझं नाव. आणि टाकी भरलेली होती हे. नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

बसनं आलो असतो तर एका रात्रीत पोचलो असतो, आणि सकाळी तू शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली असतीस, आणि मी हसून ते उघडलं असतं. मला स्वतःचा एवढा भरवसा आहे. म्हणून सायकल काढली होती, की वाटेत शब्द जुळतील. शब्द दुसऱ्याच दिवशी जुळले होते. उरलेले दिवस मी ते तुझ्यापासून लांब नेत होतो.

पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळावं. मी मंगळवारी सकाळी निघतो, म्हणजे पत्र माझ्या आधी पोचेल. मुद्दाम. मी दारात असताना तुला हे वाचायला लावणार नाही.

शटर तू उघड. माझ्यासाठी थांबायचं नाही.

खाली नेहमी लिहितो ते आज लिहीत नाही. मोकळंच सोडतो.


ता. २१, गुरुवार, दुपार
घाटाच्या पायथ्याशी, चहाची टपरी

प्रिय धाकट्या,

तू तुझ्या वहिनीला रोज फोन करायचास. मंगळवारपासून केलेला नाहीस. म्हणजे पत्र मिळालं.

मला ते बरोबर वाटतं. तू लगेच फोन करून "जाऊ दे" म्हणाला असतास तर माझी सुटका झाली असती आणि तुझी झाली नसती. तुला हवा तितका वेळ घे. मी उत्तर मागायला येत नाही.

पण येतोय. हे सांगायलाच लिहितोय.

बोगदा बंद आहे. काल आतमध्ये दगड पडला, दोन्हीकडून अडथळे लावलेत. पिवळ्या जाकिटातला एक माणूस सगळ्यांना परत पाठवतोय. मला म्हणाला, "काका, खालून वळसा मारा, शंभर किलोमीटर पडतील. शनिवारी पोचाल आरामात." कारण अगदी अस्सल होतं. इतक्या दिवसांत एवढं चांगलं कारण मला मिळालं नव्हतं. दगड मी टाकलेला नाही, अडथळा मी लावलेला नाही, आणि शुक्रवार आपोआप चुकतोय.

मी विचारलं, "वरून काही नाही का?"

"वरून जुनी वाट आहे घाटाची, बोगद्याआधीची. खडकाळ. मोटरसायकल जाते कशीबशी. सायकल ढकलावी लागेल. चौदा किलोमीटर चढ. काका, गुडघे आहेत का तेवढे?"

मी म्हटलं, "दोन आहेत. घरून निघताना मोजले होते."

तो हसला आणि अडथळा एका बाजूनं उचलून धरला. तिथून तासभर चालून मी या टपरीपाशी आलो आहे. इथून खरा चढ लागतो. कॅरिअरवरची एक पिशवी मी चहावाल्याकडे ठेवतोय, वजन कमी करायला. वहीही तिच्यात गेली. उजेड असेपर्यंत निम्मा चढ होईल. वर वनखात्याची चौकी आहे, तिथे पडवीत झोपू देतात म्हणाला. पहाटे उरलेला. मग तुझ्या शहरापर्यंत उतारच उतार, पासष्ट किलोमीटर. ब्रेक नीट तपासून घेतले आहेत.

वर्तमानपत्रांचे गठ्ठे नेणारा एक मोटरसायकलवाला आज संध्याकाळी रिकामा परत चाललाय, तुझ्याच बाजूचा आहे. हे पत्र त्याच्याकडे देतोय. तो आज रात्रीच तुझ्या घरी टाकेल. म्हणजे उद्या मला पाहून तू दचकणार नाहीस, आणि मी येऊ नये असं वाटत असेल तर तुझ्याकडे रात्र आहे. तसं असलं तर दाराबाहेर यायचीही गरज नाही. दार बंद राहू दे. मला समजेल.

दहाच्या आधी पोचलो तर मी थेट येईन. पुलावर बसून घड्याळ बघणार नाही. दहा वाजून गेले तर उशिरा येईन. पण उद्याच येईन. दुकानासमोरच्या बाजूला सायकल लावून उभा राहीन. आत बोलावलंस तर आत येईन आणि रंगाचा डबा उचलायला सांगितलास तर तो उचलीन. मारलंस तर मार खाईन. डावा हात आता चांगला चालतो म्हणे. काहीच बोलला नाहीस तर संध्याकाळपर्यंत उभा राहीन आणि परवा सकाळी पुन्हा येईन. परतीची तारीख ठरवलेली नाही. तुला एकदाच विचारायचं असेल तर एकदा विचार, रोज विचारायचं असेल तर रोज विचार, की पाणी का थांबलं. मी दर वेळी खरं सांगीन.

पुतणीला हे सगळं केव्हा आणि कसं सांगायचं ते तू ठरव. मी तिला काही सांगणार नाही, आणि तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

चढ समोर दिसतोय. वर ढग आहेत, पण पाऊस वाटत नाही. आला तरी भिजत चालता येतं. चहा संपला. निघतो.

मला लहानपणापासून तू ज्या नावानं हाक मारलीस ते मी स्वतः होऊन खाली लिहिणार नाही. ते तू दिलेलं आहे. पुन्हा द्यायचं की नाही, हे तुझ्याकडे. तोपर्यंत, जे कुणालाच काढून घेता येत नाही तेवढंच लिहितो.

तुझ्या आईचा मोठा मुलगा